अत्तरसाहेब आणि जालन्याचा फलाट

संपादकांनी रेल्वेतल्या आठवणी लिहून मागितल्या, याचा आमच्या घरात सगळ्यांत जास्त आनंद माझ्या बायकोला झाला. इतकी वर्षं त्या आठवणी तिनं एकटीनं ऐकल्या. आता ओझं वाटून घ्यायला वाचक मिळाले म्हणून तिनं स्वतः दौत भरून ठेवली.

मी तिकीट कलेक्टर. मूळ मंठ्याकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. शाळेत उर्दू बरी जमली म्हणून निजामाच्या राज्यात रेल्वेत चिकटलो आणि नोकरीची सुरुवातीची वर्षं जालना स्टेशनच्या फाटकात उभा राहून काढली. काम सोपं. उतरणाऱ्याकडून तिकीट घ्यायचं, चढणाऱ्याच्या तिकिटाला चिमट्यानं भोक पाडायचं. लोकांना वाटतं, आम्ही तिकिटाकडं बघतो. गर्दीत तिकिटाकडं बघायला वेळ कुणाला? बघायचं ते माणसाकडं. तिकीट असलेला माणूस ते शोधत येतो. खिसे चाचपतो, बायकोवर ओरडतो, शेवटी ते टोपीत सापडतं. तिकीट नसलेला मात्र नजरेला नजर देत येतो आणि 'काय बाबू, तब्येत बराबर हाय ना?' म्हणून विचारतो. फुकट्या प्रवाशांइतकी माझ्या तब्येतीची काळजी पुढं डॉक्टरांनीही केली नाही.

त्या काळात फुकट जायचा आणखी एक हुकमी मार्ग होता. कानाशी यायचं आणि हळूच म्हणायचं, 'खुफिया.' खुफिया म्हणजे संस्थानाचे गुप्त पोलीस. ते गुप्त असल्यामुळं त्यांनी पास दाखवायचा नाही आणि आम्ही मागायचा नाही, असा वरून तोंडी हुकूम होता. ही गोष्ट गुप्त राहिली असती तर बरं झालं असतं. पण वर्षभरात ती बदनापूरच्या बाजारापर्यंत पोचली, आणि एका गाडीला इतके गुप्त पोलीस उतरायला लागले की चोर आणि वाटमारे राहिलेत तरी कुठं, असा मला प्रश्न पडायचा.

एकदा एक गडी शेळी घेऊन उतरला.

"तिकीट?"

"खुफिया," तो कानात म्हणाला.

"आणि शेळीचं?"

तो विचारात पडला. मग म्हणाला, "ती बी माझ्याच संगं आल्ती कामाला."

त्याला मी सोडलं. शेळीचे पैसे मात्र घेतले. शेळीला खात्यात घेतल्याचा हुकूम आमच्या स्टेशनला आलेला नव्हता.

हे झाले हौशी लोक. खरा माणूस एकच होता आणि त्याला सगळं स्टेशन 'अत्तरसाहेब' म्हणायचं. तो खुफियाचा इन्स्पेक्टर. त्याची नेमणूक जालन्याला, कारण मनमाडकडून येणारी गाडी इंग्रजी मुलखातून यायची आणि तिच्यातून वर्तमानपत्रं, पांढऱ्या टोप्या, प्रभातफेरीची गाणी असला माल संस्थानात उतरायचा. तो माल अडवायचा, हे त्याचं काम. गुप्त पोलिसानं सहसा लपून बसावं. हाही बसायचा. पण कपड्यांना हिन्याचं अत्तर इतकं चोपडलेलं असे की साहेब मालधक्क्यावरच्या कापसाच्या गाठींमागं लपले की वास फलाटाच्या या टोकाला यायचा. हमाल एकमेकांना सांगायचे, "चला, साहेब लपले."

हसत होतो खरे, पण त्याला भीत सगळेच होते. का भीत होते ते आजच्या वाचकाला सांगायला हवं. तहसीलदारानं चुकीचा हुकूम काढला तर वरती अर्ज करता यायचा. फौजदारानं पकडलं तर वकील देता यायचा. अत्तरसाहेब फक्त रिपोर्ट लिहायचा. तो रिपोर्ट गुप्त, म्हणून कुणाला दाखवायचा नाही. दाखवायचा नाही, म्हणून खोडून काढता यायचा नाही. अमका माणूस राज्याच्या विरुद्ध आहे, एवढी एक ओळ लिहिली की त्या माणसाची नोकरी, दुकानाचा परवाना, कधी कधी माणूससुद्धा, गायब. लिहिली नाही तर त्याची मेहेरबानी. त्या मेहेरबानीवर त्याचं घर चालायचं. न्हावी, धोबी, टांगा, मोसंब्यांची करंडी, काहीच विकत घ्यायचं नाही. त्याच्या घरी दूध घालणारा गवळी राजनिष्ठ होता. तूपही घालायला लागल्यावर तो फारच राजनिष्ठ झाला.

सत्तेचाळीस साली देश स्वतंत्र झाला आणि आमचं संस्थान बाहेर राहिलं. तिरंगा जवळ सापडणं हा मोठा गुन्हा झाला. इकडं लोकांचे हाल सुरू झाले आणि तिकडं अत्तरसाहेबाला सुगीचे दिवस आले. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात रुमालाएवढा एक तिरंगा असे. गाडी आली की बरं सामान असलेला प्रवासी हेरायचा, 'झडती' म्हणायचं, गाठोड्यात हात घालायचा आणि झेंडा बाहेर काढायचा. प्रवाशाचा रंग उडायचा. मग त्याला वेटिंग रूममध्ये न्यायचं. थोड्या वेळानं प्रवासी बाहेर यायचा तो हलका होऊन. कुणाचं घड्याळ गेलेलं, कुणाचं लुगड्याचं गाठोडं. झेंडा परत खिशात, पुढच्या गाडीसाठी. सिगरेटची ठिणगी पडून त्या झेंड्याला एक भोक पडलं होतं, त्यामुळं आम्ही तो लांबून ओळखायचो. अख्ख्या जालन्यात रोज तिरंगा जवळ बाळगणारा माणूस एकच होता आणि तो निजामाचा पगार खात होता.

आमचा सांधेवाला करीमचाचा एकदा मला म्हणाला, "बाबू, वो झंडा अब पक्का नौकर हो गया. हमसे जास्ती ड्यूटी करता."

सांधेवाला म्हणजे गाडीला या रुळावरून त्या रुळावर घालणारा माणूस. लोखंडी दांडा ओढायचा, हिरवा झेंडा नाहीतर कंदील दाखवायचा. करीमचाचा उंच, वाकलेला, कमी बोलणारा. रुळांच्या कडेला इंजिनाचं सांडलेलं पाणी वळवून त्यानं मेथी लावली होती. माझ्या लग्नानंतर आठवड्याला एक जुडी माझ्या घरी यायची, आणि बायको तिला 'रेल्वेची मेथी' म्हणायची.

त्या हिवाळ्यात एका दुपारी मनमाडकडची गाडी आली आणि गयाबाई नावाची एक बाई मुलासह उतरली. शहागडच्या शेतकरणीचा ठसठशीत चेहरा, कपाळावर कुंकवाची चिरी, हातात काठी. मुलगा ज्ञानोबा नाशकाला शिंप्याच्या हाताखाली काही वर्षं राबला होता आणि त्यानं जुनं शिवणयंत्र विकत घेतलं होतं. ते आता गावी चाललं होतं. मायलेकांनी लाकडी पेटी दोन्ही बाजूंनी अशी धरली होती की जणू आत तान्हं मूल निजलंय. तिकिटं दोघांचीही बराबर होती. मी 'जा' म्हणालो आणि मागून हिना आला.

"पेटी खोलो," अत्तरसाहेब म्हणाला.

ज्ञानोबानं झाकण काढलं. काळंभोर यंत्र, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. साहेबाची नजर जी त्यावर बसली ती हलेना. साहेबाच्या घरी शिवणयंत्र नाही, हे मला त्याच क्षणी कळलं. त्याचा हात पेटीत गेला आणि तिरंगा घेऊन वर आला.

"ये क्या है?"

ज्ञानोबा पांढराफटक पडला. तो नाशकाला राहिलेला; हे काय आहे आणि त्याचा अर्थ काय, दोन्ही त्याला ठाऊक होतं. गयाबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं साहेबाच्या हातातून झेंडा घेतला, उजेडात धरून बघितला.

"ज्ञानबा, ह्ये कवा घेतलंस रं?"

"आई, म्या न्हाई घेतलं."

"मंग दुकानदारानं मशिनीसंगं दिलं आसंल. पर ह्याला भोक हाय की. जळकं दिलं मेल्यानं." ती माझ्याकडं वळली. "बाबू, तुमीच बघा. लेकरू परमुलखात गेलं आन् लोकांनी त्याला फसवलं."

मी बघितलं. आणि धाडस वगैरे काही नसताना, नुसतं तोंडातून निघून गेलं, "मावशी, ते भोक दुकानातलं न्हाई. ते हितलंच हाय. आमी रोज बघून राह्यलो."

फाटकात गाडीची सगळी गर्दी तुंबलेली होती. आधी एक हमाल हसला. मग टांगेवाले हसले. मग ज्यांना काही कळलं नव्हतं तेही हसले. त्या राज्यात राजावर हसलेलं एखाद वेळ खपून जायचं, खुफियावर हसलेलं खपायचं नाही. अत्तरसाहेबाचं तोंड लाल झालं.

"पंचनामा होगा," तो म्हणाला. त्याचे ठरलेले दोन पंच होते, एक पानवाला आणि एक टांगेवाला. नेमके ते दोघं एकाच लग्नाला गेले होते. मग तो मला म्हणाला, "तू पंच. और वो पॉइंटवाले को बुलाव."

करीमचाचाला लांबून हाक गेली. तो रूळ ओलांडत आला तेव्हा त्याच्या दोन्ही अंगठ्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"अंगूठा लगा."

"जखम है साहब."

"दूसरा लगा."

"उसको भी है."

"दोनों को? कैसे हुआ?"

"सांधे में आ गए."

"कब?"

"अब्बीच. आते आते."

लोक आता उघड हसत होते. साहेब माझ्याकडं वळला. मला सही येत नाही म्हणायची सोय नव्हती, रोज करत होतो. मी म्हटलं, "साहेब, सही करतो. पण मी जे बघितलं ते लिहून मग करतो."

आमचे स्टेशनमास्तर नायडूसाहेब, आंध्राकडचे, अत्यंत सभ्य माणूस. असा प्रसंग आला की ते कंदील तपासायला कंदिलाच्या खोलीत जायचे. त्या दिवशीही गेले.

गयाबाईनं तेवढ्यात पेटीचं झाकण लावलं आणि ती पेटीवर बसली. झेंड्याची घडी करून तिनं कमरेला खोचली. "ह्ये तुमचं न्हाई म्हणता, माझ्या लेकाचं म्हणता. मंग माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. आन् मला कुटं न्यायचं तर न्या, पर पेटीसगट न्यावं लागंल."

अत्तरसाहेबानं चारी बाजूंना बघितलं. रिपोर्ट लिहायला एकांत लागतो. इथं सगळं गाव उभं होतं, पंच नव्हते आणि पुराव्याचा झेंडा म्हातारीच्या कमरेला होता. "देख लेता मैं," एवढं म्हणून तो गेला. मायलेकांना आम्ही मालधक्क्यामागून एका बैलगाडीत बसवून वाटेला लावलं. गयाबाईला शेवटपर्यंत वाटत होतं की भांडण दुकानदाराशी आहे.

पुढं साहेबानं खरोखरच देखून घेतलं. माझ्या नावाचा रिपोर्ट गेला आणि मला अशा एका स्टेशनावर टाकलं जिथं फलाट नव्हता आणि गाडी थांबायची ती इंजिनाला पाणी पाजायला. उतरणारा माणूस दिसला तर मी त्याला आधी चहा पाजायचो आणि मग तिकीट मागायचो, इतका कंटाळा. पण बदली म्हणजे नुसती बदली. करीमचाचाला चौकीवर बोलावून घेतलं. मी हिंदू, म्हणून मी राज्याचा दुश्मन ठरलो. तो मुसलमान, म्हणून गद्दार ठरला, आणि गद्दाराला जास्त मारतात. चौकीतून सुटल्यावर तो उजवा पाय ओढत चालायला लागला. हे मला कळलं तेव्हा मी पाण्याच्या टाकीखाली एकटाच बसलो होतो. फाटकातलं ते हसणं मला बरेच दिवस ऐकू येत होतं आणि त्यात माझा आवाज ओळखू येत होता.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात भारताच्या फौजा आल्या आणि निजामाचं राज्य चार-सहा दिवसांत संपलं. मला परत जालन्याला घेतलं. स्टेशन तेच, पण माणसं बदललेली. कालपर्यंत जे भीत होते ते आता मोठ्यानं बोलत होते, आणि कालपर्यंत सहज फिरणारे आता भिंतीला घासून चालत होते. त्या आधीच्या वर्षात एका सशस्त्र टोळीनं राज्याच्या नावानं गावोगाव धुमाकूळ घातला होता. तिच्यातले बहुतेक पळून गेले. त्यांचा राग मात्र इथंच राहिलेल्या, टोळीशी काही संबंध नसलेल्या मुसलमानांवर निघत होता. करीमचाचाच्या मेथीचा वाफा कुणीतरी तुडवून टाकला होता.

अत्तरसाहेब मधले काही आठवडे दिसला नाही. आम्हाला वाटलं, गेला. एका सकाळी फाटकात खादीचा सदरा, पांढरी टोपी घातलेला माणूस आला आणि मी त्याला तिकीट मागणार तोच ओळख पटली. अंगाला आता साबणाचा वास होता. नव्या सरकारला जिल्हा माहीत असलेली माणसं हवी होती, आणि जिल्हा त्याच्याइतका कुणाला माहीत? कुणाच्या घरी किती घड्याळं आहेत इथपर्यंत माहीत. त्याला जुन्याच कामावर ठेवलं होतं. माल तेवढा बदलला. पूर्वी तो राज्याविरुद्धची माणसं शोधायचा, आता जुन्या राज्याच्या बाजूची शोधायला लागला.

करीमचाचाची मुलगी परभणीला दिली होती. धामधुमीत तिची खबर नव्हती, म्हणून रजा काढून तो निघाला. गाडी यायची होती, मी फाटकात होतो. अत्तरसाहेब एका तरुण फौजी अधिकाऱ्याला घेऊन आला. मद्रासकडचा पोरसवदा साहेब, या भागात नवा, मराठी नाही, उर्दू नाही. अत्तरसाहेबानं चाचाची पिशवी उघडली, आत हात घातला आणि त्या टोळीचा पितळी बिल्ला बाहेर काढला.

या वेळी कुणी हसलं नाही. हमालही नाही. त्या दिवसांत असा बिल्ला सापडलेला माणूस चौकीपर्यंत पोचेलच याची खात्री नसे. आजूबाजूला माणसं जमायला लागली आणि त्यांच्यातून एकजण म्हणाला, "आमच्या हवाली करा, साहेब."

करीमचाचानं अंग चोरलं नाही. तो फक्त म्हणाला, "बाबू, मेरा नहीं है."

मी फाटक सोडलं. गाडीच्या वेळी टीसीनं फाटक सोडणं हा गुन्हा आहे. अधिकाऱ्यापाशी गेलो आणि मला येत होतं तेवढं इंग्रजी एका दमात वापरलं. "सर, दिस मॅन गुड. दॅट मॅन बॅड. दॅट मॅन पुट." त्यानं मला विचारलेलं मला कळेना, माझं त्याला कळेना. अत्तरसाहेब मधे पडून शांतपणे काहीतरी सांगत होता. त्याचं इंग्रजी चांगलं होतं. शेवटी अधिकाऱ्यानं चाचाला जीपमध्ये बसवलं. मी न विचारता शेजारी चढलो. मला उतरवायचा प्रयत्न झाला, पण मी जीपच्या दांडीला धरून बसलो. गर्दीचा विचार करता, चाचाशेजारी एक माणूस बसलेला असणं गरजेचं आहे एवढंच मला सुचत होतं.

छावणीत आम्हाला तंबूबाहेर बसवून ठेवलं. दुपार कलली. आतून अत्तरसाहेबाचा आवाज येत होता. चाचा मुलीच्या गावाबद्दल बोलत होता, विहिरीला पाणी गोड आहे म्हणत होता. आणि मग छावणीच्या वाटेनं, डोक्यावर रेल्वेची टोपी, अंगात बटणं लावलेला पांढरा कोट, असे आमचे नायडूसाहेब येताना दिसले. एकटे, पायी.

ते सरळ तंबूत गेले. अधिकारी तेलुगू बोलणारा निघाला. नायडूसाहेब त्याच्याशी तेलुगूत बोलायला लागले. मला एक अक्षर कळलं नाही. तंबूच्या फटीतून त्यांचे हात हलताना दिसत होते आणि बोलणं थांबत नव्हतं. अत्तरसाहेबाला तेलुगू येत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याबद्दल त्याच्यासमोर बोललं जात होतं आणि त्याला ते कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं अधिकारी बाहेर आला. त्यानं चाचाची पिशवी स्वतः उचलून त्याच्या हातात दिली आणि आम्हाला जीपमधून स्टेशनवर सोडायला सांगितलं.

परत येताना मी विचारलं, "साहेब, तुम्ही काय सांगितलंत?"

नायडूसाहेब समोर बघत म्हणाले, "मी सांगितलं, हा माणूस सामानात वस्तू ठेवतो आणि मग शोधतो. मला ठाऊक आहे, कारण प्रत्येक वेळी मी तिथून निघून गेलो आहे."

अत्तरसाहेबाचं काय झालं, असं सगळे विचारतात. वाचकांची निराशा करणं भाग आहे. त्याला जालन्याच्या फलाटावर यायला मनाई झाली, आणि पुढं कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्यात बढतीवर पाठवलं. तो ज्या राज्याचा हेर होता ते राज्य बुडालं आणि हा पेन्शन घेऊन सुखानं म्हातारा झाला. तक्रार आम्ही लिहिली होती. ती गुप्त खात्याकडं गेली आणि गुप्तच राहिली.

करीमचाचाची मुलगी सुखरूप होती. तो जाऊन, बघून परत आला, पुन्हा दांडा ओढायला लागला. महिना दीड महिना गेला असेल. एका सकाळी परभणीकडं जाणाऱ्या गाडीच्या वेळी तो फाटकात आला. अंगात रेल्वेचा निळा सदरा नव्हता. धुतलेला साधा सदरा-पायजमा, डोक्यावर पत्र्याची पेटी, मागं चाची.

"चाचा, रजा घेतली का?"

"नौकरी छोड दी, बाबू."

मी म्हटलं, "आता तर सगळं शांत झालं. नायडूसाहेब आहेत, मी आहे."

"हौ, तुम हैं," तो म्हणाला. "लेकिन हर बार जीप में तुम कैसे बैठेंगे?"

रेल्वेच्या माणसाला फाटकातून जायला काही लागत नाही. वीस-पंचवीस वर्षं तो त्या फाटकातून नुसती मान हलवून आला-गेला होता. त्या दिवशी तो थांबला, पेटी खाली ठेवली आणि सदऱ्याच्या खिशातून पुठ्ठ्याची दोन तिकिटं काढून माझ्यापुढं धरली. रोकडा पैसा देऊन काढलेली. परतीची नव्हती.

समोरच्या माणसाकडं तिकीट नसावं असं मला नोकरीत तेवढं एकदाच वाटलं. नसतं तर मी त्याला अडवू शकलो असतो.

मी चिमटा घेतला आणि दोन्ही तिकिटांना भोकं पाडली. चाची पुढं झाली. चाचा पेटी उचलून, उजवा पाय ओढत, गाडीपाशी गेला.